सळई जागेवर नव्हती

शनिवारी सकाळी कासाबाई अंगणातल्या कडुलिंबाला पाठ टेकून हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. तिची लेक रिबका उंबऱ्यात उभी राहून तिच्याकडे बघत होती. फेब्रुवारीचं ऊन अजून सोसवत होतं. कासाबाईचा हात घाटा फोडायचा, दाणा सुपात टाकायचा, आणि मध्येच डोळे मिटायचे. डोळे मिटले तरी बोटं थांबत नव्हती.

"माय, आत येऊन जरा आडवी हो," रिबका म्हणाली.

"कामून? मी काय बाळंतीण हाय?"

"रात्रभर बाहेर होतीस."

"मग? बाळंतीण ती झाली, जागले मी, अन् थकलीस तू. शाळंत हेच शिकवतीस का?" कासाबाई हसली. पुढचे दोन दात पडल्यापासून तिचं हसणं लहान पोरीसारखं दिसायचं. "आडवी हुईन की. येकदाच हुईन. मग तूच म्हणशील, ऊठ माय."

रिबकाने मान दुसरीकडे वळवली. नऊ वर्षांत कासाबाई दिवसा कधी आडवी झाली नव्हती. रात्री निजायची तीही दाराशी, भिंतीला टेकून, आणि दाराला कडी लावू द्यायची नाही. गावाला वाटायचं, म्हातारीला सवय लागली. हे कशामुळे झालं ते कासाबाईला ठाऊक होतं, असं कासाबाईला वाटायचं. खरं ठाऊक होतं ते एकट्या रिबकाला.

उंबरवाडी राणीसावरगावपासून अडीच कोसांवर. गावाच्या पूर्वेला ख्रिस्ती मंडळींची अकरा घरं, त्यांचं पत्र्याचं देऊळ आणि देवळाला लागून कासाबाईचं अंगण. कासाबाई मूळची धनगराची. नवरा भुजंग तरणा असताना मिशनच्या दवाखान्यात मरता मरता वाचला आणि दोघांनी बाप्तिस्मा घेतला. भाऊबंदांनी दोघांना धनगरवाड्याबाहेर काढलं. भुजंग पुढे प्लेगात गेला. कासाबाई त्याच दवाखान्यात सहा महिने राहून बाळंतपणाचं काम शिकून आली, आणि मग भाऊबंदांच्या बायाही तिच्याच हाती मोकळ्या व्हायला लागल्या. ओटीत लेकरू घेताना कुणी धर्म विचारत नाही, असं ती म्हणायची.

अंगणातल्या कडुलिंबाला रुळाचा एक हातभर तुकडा टांगलेला होता. रविवारी तो देवळाची घंटा व्हायचा, इतर वेळी कासाबाईला बोलवायला कामी यायचा. वरच्या आळीची माणसं ख्रिस्ती मंडळींच्या अंगणात पाय ठेवत नसत. ती वाटेच्या कडेला, कडुलिंबाच्या अलीकडच्या अंगाला उभी राहायची, शेजारच्या खुंटीवर लोंबणारी लोखंडी सळई घ्यायची आणि रुळावर तीन टोले द्यायची. तिसऱ्या टोल्याला कासाबाई कातडी पिशवी घेऊन दारात. निघताना ती सळईही बरोबर न्यायची; वाटेत कुत्री असत, ओढ्याकाठी लांडगाही दिसे. त्यातून आपोआप एक रीत पडली. खुंटीवर सळई असली की कासाबाई घरी. सळई नसली की ती दुसऱ्या गावी गेली. हाका मारत बसू नये, दुसरीकडे धावावं. पंचक्रोशीतल्या लहान पोरालाही हे माहीत होतं.

"उद्या पाळकसाहेब यायलेत," कासाबाई म्हणाली. "तीन महिन्यांतनं येकदा प्रभुभोजन असतं, ते उद्या हाय. उद्या तरी येशील का भाकरीपाशी? का उद्याबी डोकं दुखंल?"

रिबका उंबऱ्यावरची माती पायाने सारत राहिली.

"नऊ वर्सं झाली, रिबे. कवा ताप, कवा शाळा, कवा मोटारच चुकली. मी अडाणी हाय, पण मला मोजता येतं."

म्हणजे तिने मोजलं होतं. मन साफ नसेल त्याने प्रभूच्या शरीराची खूण असलेल्या त्या भाकरीला हात लावू नये, हे रिबकाला लहानपणीच शिकवलं होतं, आणि शिकवणारी समोर घाटे सोलत बसली होती. रिबका पालमच्या शाळेत मास्तरीण होती. हाती येईल ते वाचायची. हैदराबादेहून टपालाने पुस्तकं मागवायची. पुस्तकांतली माणसं शेवटच्या प्रकरणात कबुली देऊन मोकळी होतात. तिचं प्रकरण नऊ वर्षं लांबलं होतं. चार वेळा तिने पत्र लिहिलं आणि फाडलं; शिवाय पत्र आईला वाचून कोण दाखवणार, हा एक प्रश्न होताच. या वेळी मात्र ती ठरवून आली होती. काल फाट्यावर मोटारीतून उतरल्यापासून गावापर्यंत तिने एकच वाक्य घोकलं होतं.

तो एकोणीसशे एकोणपन्नासचा चैत्र होता. निजामाचं राज्य जाऊन सहा महिने झाले होते, वाटा पुन्हा चालत्या झाल्या होत्या. कासाबाई तीन रात्रींत तीन गावं करून रविवारी उपासनेच्या वेळेला परतली. उपासनेत प्रार्थनेला गुडघ्यावर बसली ती तिथंच पेंगली. बायांनी हसत उठवलं. घरी आल्यावर तिने सळई खुंटीवर अडकवली, भाकरीचे दोन घास खाल्ले आणि घोंगडीवर पडली. पडता क्षणी घोरायला लागली. तिच्या टाचेच्या भेगेतून रक्त आलेलं होतं. ते पुसायचंही तिला सुचलं नव्हतं.

रिबका तेव्हा अठरा वर्षांची होती. ती उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसली. रविवार विसाव्याचा दिवस. देवानेही सातव्या दिवशी काम थांबवलं, मग माझ्या आईने का थांबवू नये, असं तिच्या मनात आलं. विचार वाईट नव्हता. ती उठली, खुंटीवरून सळई काढली, ज्वारीच्या कणगीत खुपसली आणि दार लोटून आत वाचत बसली. संध्याकाळी परत अडकवू, इतकंच तिने ठरवलं होतं.

दुपारी चन्नप्पा आला. वरच्या आळीतला वाणी, लिंगायत, गळ्यात लिंग, हातात काठी. त्याचा लेक भीमाशंकर बाजाराला गंगाखेडला गेलेला. रिबकाने त्याला दाराच्या फटीतून पाहिलं. तो कडुलिंबाशी आला, खुंटीकडे बघितलं, आजूबाजूला जमिनीवर बघितलं, आणि धोतर सावरत आल्या वाटेने पळत सुटला. पळणारा म्हातारा बघून तिला कळायला हवं होतं. तिला वाटलं, कुणाचं तरी पोट दुखत असेल. वरच्या आळीत म्हाताऱ्या का थोड्या आहेत? तिने पान उलटलं.

चन्नप्पाने गाडी जुंपून राणीसावरगावची सुईण आणली तेव्हा दिवस कलला होता. त्याची सून नीलम्मा बाळंत झाली होती, मुलगी होती, पण रक्त थांबलं नव्हतं. वरच्या आळीतून रडणं उठलं तेव्हा कासाबाई नुकतीच जागी होऊन डोळ्यांना पाणी लावत होती. "अशी झोप लय दिसांनी लागली गं," ती म्हणत होती, आणि म्हणता म्हणता थांबली. तिने ते रडणं ओळखलं. ती तशीच पदर सावरत बाहेर धावली.

घरात एकटी रिबका राहिली. तिने कणगीतून सळई काढली. खुंटीवर अडकवायला बाहेर जावं तर वाटेवर माणसं जमलेली. भिंतीला आईची कातडी पिशवी टांगलेली होती. रिबकाने सळई पिशवीच्या तळाशी घातली.

दुसऱ्या दिवशी चन्नप्पा कडुलिंबाशी येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही.

"कासाबाई, काल दुपारी कुठं व्हतीस?"

"घरीच व्हते, आप्पा."

"मग सळई कुठं व्हती?"

कासाबाईने खुंटीकडे बघितलं. आत आली, पिशवी उपसली. तळाशी हात गेला आणि ती तशीच बसून राहिली. रिबका चुलीपाशी उभी होती, तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर. तेव्हा बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण कासाबाई सळई घेऊन बाहेर गेली आणि चन्नप्पाच्या पायांपुढच्या मातीला हात लावला.

"माझीच चूक हाय. थकून आले, अडकवायची इसरले. पिशवीतच राहिली. मला माफ करा, आप्पा."

"माफीनं माझी सून उठून बसंल का?" चन्नप्पा म्हणाला आणि गेला.

पुढच्या प्रभुभोजनाला कासाबाई देवळात सगळ्यांपुढे उभी राहिली आणि तेच बोलली. "मी निजले अन् येक बाई मेली," असं ती म्हणाली. दुसऱ्या रांगेत रिबका गीतांचं पुस्तक हातात धरून बसली होती. त्या दिवशी तिने भाकर घेतली नाही. मग कधीच घेतली नाही.

कासाबाईचा पश्चात्ताप रडण्याचा नव्हता, पायांचा होता. नीलम्माच्या लेकराला अंगावरचं दूध मिळेना, तेव्हा ती रोज पहाटे ओढ्यापलीकडे चुलतदीर मल्हारीच्या वाड्यावर जायची आणि शेळीचं दूध आणून चन्नप्पाच्या ओट्याच्या कडेला ठेवायची. दोन वर्षं, एक दिवस न चुकता. वाणी तिच्याशी बोलत नसे; लोटा मात्र रिकामा होऊन परत ओट्यावर यायचा. दर चैत्रात, त्याच रविवारी, ती दुकानाच्या पायरीखाली उभी राहून विचारायची, "आप्पा, माफ केलं का?" तो तराजूतून मान वर काढत नसे. पाळकसाहेबांनी तिला समजावलं की बाई, प्रभूने माफ केलं आहे, आता रविवार तरी पाळत जा. ती म्हणाली, "साहेब, दिवस भरलेली बाई वार बगत न्हाई." सगळे हसले. रिबका हसली नाही. आईचा विसावा कुणी काढून घेतला, हे तिला माहीत होतं.

आणि आता शनिवार होता, सुपात हरभरे होते, आणि वाक्य ओठावर आलं होतं. ती उंबरा उतरून कडुलिंबाखाली गेली आणि आईसमोर बसली.

"माय, मला काही सांगायचंय."

कासाबाईची बोटं पहिल्यांदा थांबली. तिने लेकीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "सांग की."

"त्या वर्षी, चैत्रात..."

रुळावर टोला पडला. डोक्यावरच वाजला म्हणून दोघी दचकल्या. झाडाच्या पलीकडे मल्हारीचा लेक येडबा सळई हातात घेऊन उभा होता. अजून दोन टोले द्यायचे म्हणून देत होता.

"आरं मुडद्या, समोर बसलेय ना मी! डोळं फुटले का तुजे?"

"तीन द्यायचे असतात, काकू," येडबा म्हणाला. "माळावर वाडा हाय आमचा. बायकोच्या पोटात सकाळधरनं दुखायलंय."

कासाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. उठताना एकदा झाडाला धरलं. रिबकाला ते दिसलं. "माय, मी येते सोबत."

"तू काय करशील? लेकराला पाढे शिकवशील?" तिने पिशवी काखेत मारली आणि येडबाच्या हातून सळई घेतली. "ते सांगायचं हाय ते ध्यानात ठेव. आल्यावर ऐकते. निवांत."

ती गेली. वाटेच्या वळणावर तिचा पदर दिसेनासा झाला, तेव्हा रिबकाने मोठा श्वास सोडला. सुटका झाल्यासारखं वाटलं तिला, आणि हे तिने पुढे कधीही स्वतःपासून लपवलं नाही. एक दिवस आणखी मिळाला, असं तिला वाटलं होतं.

दिवस मावळायच्या आत येडबाची बैलगाडी अंगणात आली. गाडीत घोंगडी होती आणि घोंगडीखाली कासाबाई. मल्हारी गाडीबरोबर चालत आला होता. त्याने पागोटं काढून हातात घेतलं.

"नात झाली मला," तो म्हणाला, आणि हे आधी सांगितल्याची त्याला लाज वाटली. "सगळं नीट झालं. नाळ कापली, लेकरू पुसलं, हात धुतले. मंग म्हणली, मल्हारी, जरा पडते. गाडीच्या सावलीला पडली. आमी म्हणलं, पडू द्या, थकली असंल. चहा घेऊन गेलो तर..."

सळई त्याने बरोबर आणली होती. कुठं ठेवावी ते न कळून त्याने ती खुंटीवर अडकवली.

रविवारी प्रभुभोजनाऐवजी माती झाली. पाळक व्यंकटराव सकाळच्या मोटारीने आले ते भाकर आणि द्राक्षरस पिशवीत घेऊन, आणि ती पिशवी न उघडता देवळात ठेवून अंगणात उभे राहिले. कासाबाईला कडुलिंबाखाली ठेवलं होतं. अकरा घरं होतीच. धनगरवाड्यावरच्या बाया होत्या, वरच्या आळीच्याही काही बाया वाटेच्या कडेला तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. मोजलं असतं तर त्यातल्या निम्म्यांची लेकरं कासाबाईच्या हातची निघाली असती.

मंडळींच्या रिवाजाप्रमाणे पाळकांनी साक्षी मागितल्या. नर्मदाबाई उभी राहिली. शेजारीण, कासाबाईहून दोन वर्षांनी धाकटी.

"कासाबाईवाणी बाई न्हाई व्हायची," ती म्हणाली. "लोकासाठी हाडाची काडं केली तिनं. जल्मात येकदाच चुकली. पण काय पस्तावली बया! इसरली येक दुपार, अन् फेडली नऊ वर्सं."

"आमेन," मंडळी म्हणाली.

पाळकांनी तोच धागा उचलला. पश्चात्ताप कसा असावा ते या बहिणीकडून शिका, ते म्हणाले. तिने आपली चूक लपवली नाही, दुसऱ्यावर ढकलली नाही. आता तिला तिचा विसावा मिळाला आहे.

रिबका आईच्या उशाशी बसली होती. आता बोलून कुणाचं काय भलं होणार, असं मन म्हणत होतं. माय तर गेली. गाव तिला चांगलंच म्हणतंय. उद्या हे पालमला पोचेल, शाळेत पोचेल. थोडा वेळ गप्प बसलं की माती होईल, आणि मातीबरोबर सगळंच. तिने आईच्या पायांकडे पाहिलं. टाचेच्या भेगा तशाच होत्या. एक दुपार विसरली. हे वाक्य आता तिच्या नावापुढे कायम राहणार होतं, तिच्या कबरेवर न कोरताही.

वाटेवरच्या बाया बाजूला झाल्या. चन्नप्पा आला. म्हातारा खंगला होता. एका हातात काठी, दुसऱ्या हाताला नात बसम्मा, नऊ वर्षांची. त्या सोमवारनंतर तो या झाडापाशी आला नव्हता. आजही तो नेहमीच्या जागी, झाडाच्या अलीकडे थांबला. त्याने मान वर केली, खुंटीकडे बघितलं. मग काठी नातीच्या हातात देऊन सळईला बोटं लावली.

"आज जागेवर हाय," तो म्हणाला.

मग त्याने एक पाऊल टाकलं आणि अंगणात आला. वरच्या आळीच्या बायांत कुजबूज झाली. तो कासाबाईच्या पायांशी उभा राहिला.

"हिनं मला दरसाल इचारलं. मी बोललो न्हाई," तो म्हणाला. "दूध घेतलं तिचं. नात वाढवली त्या दुधावर. पण तोंडातनं शबूद काडला न्हाई. वाटायचं, इसरते कशी? बाई मरायली अन् इसरते कशी?" त्याने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "तिचा गुन्हा मी नऊ वर्सं जपून ठिवला. आज आलोय बग, कासाबाई. माफ केलं तुला. जा."

त्याने नातीला पुढे केलं. "पाया पड, बसू. हिच्या दुधावर जगलीस तू."

पोर वाकली. तिने कासाबाईच्या भेगाळ टाचेला हात लावला, आणि तोच हात कपाळाला.

बाया रडायला लागल्या. पाळकांनी डोळे पुसले आणि चौघांना खूण केली. मल्हारी, येडबा पुढे सरकले. आता उचलायचं होतं.

"थांबा," रिबका म्हणाली.

ती उठली. चार पावलं चालून खुंटीपाशी गेली. हात वर केला, दोरीचा फास बोटाने सोडवला आणि सळई काढली. नऊ वर्षांपूर्वी काढली होती तशीच. हाताला सगळं आठवत होतं. लोखंड गार होतं. ती परत आली आणि चन्नप्पापुढे, आईच्या पायांशी, मातीत बसली. सळई तिने त्याच्या पायांपुढे ठेवली. वर बघितलं तेव्हा आधी तिला पोरीचा चेहरा दिसला, मग म्हाताऱ्याचा.

"आप्पा, तुमी चुकीच्या बाईला माफ केलं."

"काय म्हणतीस, पोरी?"

ती आईकडे वळली, कारण आधी आईलाच सांगायचं होतं, कालच सांगायचं होतं. मग एवढ्या मोठ्याने बोलली की वाटेवरच्या शेवटच्या बाईलाही ऐकू गेलं.

"माय, तू काही विसरली नव्हतीस. तू सळई जागेवर अडकवली होतीस. तू झोपावीस म्हणून मी ती काढली आणि कणगीत लपवली. आप्पा पळत गेले ते मी दारातून पाहिलं. नीलम्मा गेल्यावर मीच ती तुझ्या पिशवीत घातली, आणि तू सगळ्यांपुढे माफी मागत होतीस तेव्हा मी गप्प बसले. ती चूक तुझी नव्हती, माय. माझी होती."